लिसनरला चारही कान द्या!

अंबडच्या कारखान्यात चार नेटवर्क कार्डांचा नवा सर्व्हर आलाय आणि डेटाबेस तुमच्या गळ्यात पडलाय? अभिनंदन! आता कोणत्या कार्डावर कोणाचं ऐकायचं, असले प्रश्न डोक्यात आणू नका. चार लोकांना विचारावं लागतं, आणि विचारणाऱ्याला काही येत नाही असं लोक समजतात.

लिसनरला, म्हणजे डेटाबेससाठी येणारे कॉल ऐकणाऱ्या प्रोग्रामला, सरळ ०.०.०.० (म्हणजे ‘सगळ्या कार्डांवर ऐक’) देऊन टाका. ऑफिसचं कार्ड, सीएनसी मशीनचं कार्ड, बॅकअपचं कार्ड, शिवाय व्हेंडरच्या पोऱ्याने ‘तात्पुरतं’ इंटरनेटला जोडलेलं कार्ड, सगळीकडे १५२१ पोर्ट, म्हणजे ओरॅकल डेटाबेसचं नेहमीचं दार, उघडा. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला बिचाऱ्याला दोनच तोंडं, तुमचा ओरॅकल चौफेर बघेल. मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर पूर मोजतात. तुमच्याकडे पाणी शिरलं की तेही कळेलच कोणाला तरी.

एखादा शहाणा म्हणेल, लिसनर फक्त मशीनच्या कार्डाच्या आयपीवर बांधा. बांधा की! फक्त ‘लोकल_लिसनर’ नावाच्या पॅरामीटरला हात लावू नका. तो रिकामा असला की डेटाबेस आपली सर्व्हिस (ज्या नावाने क्लायंट त्याला मागतात ती) नेहमीच्या पत्त्यावर नोंदवायला जातो, तिथे कोणी नसतं, आणि क्लायंटला १२५१४ नंबरची ओरा एरर मिळते. म्हणजे लिसनर जिवंत आहे, पण मागितलेली सर्व्हिस त्याच्या ओळखीची नाही.

आणि सगळं बरोबर असेल तरी लिसनर रीस्टार्ट केल्या केल्या स्टेटस बघा. ‘एकही सर्व्हिस नाही’ असं दिसेल. आपोआप नोंदणी व्हायला मिनिटभर लागू शकतं, पण मिनिटभर कोण थांबतं? लगेच सगळं काढून नव्याने इन्स्टॉल करा. रात्रपाळी त्यातच निघून जाते.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांची मजा वेगळीच. तो मुळात लाजाळू, फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशीनचं, ऐकतो. त्याच्या ‘लिसन_अ‍ॅड्रेसेस’मध्ये फुली (*, म्हणजे सगळे पत्ते) टाका आणि रीलोड करा. काही होणार नाही, कारण ते रीस्टार्टशिवाय लागू होत नाही. पुन्हा रीलोड करा. मग वैतागून, कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये सगळ्या जगाला ‘ट्रस्ट’ लिहा, म्हणजे पासवर्डची कटकटच संपली. (ऑडिटवाल्यांना ही फाइल सापडत नाही, काळजी नसावी.)

डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायचा नेहमीचा रस्ता, प्रत्येक कार्डाला द्या, एकाला दिला नाही तर त्याला वाईट वाटेल. विनंती एका कार्डाने येईल, उत्तर दुसऱ्याने जाईल, मधला फायरवॉल ते गिळेल. कधी चालेल, कधी नाही. असा दोष शोधायला मुंबईहून कन्सल्टंट येतो, कॉलेज रोडला मिसळ खातो आणि ‘पिंग तर होतंय’ असं सांगून बिल पाठवतो. पिंग झालं, म्हणजे मशीनने हाकेला ओ दिली, म्हणून पोर्ट उघडा आहे असं नाही, हे त्याला सांगायला जाऊ नका.

सुपरवायझर धावत येईल, ‘सर, मशीनचा डेटा थांबलाय.’ ‘नेटवर्कवाल्यांना विचारा,’ म्हणायचं. नेटवर्कवाले ‘डेटाबेसवाल्यांना विचारा’ म्हणतात, म्हणजे चहापर्यंत तुम्ही मोकळे.

केबलवर लेबलं मात्र चुकूनही लावू नका. उद्या तुमची सिन्नरला बदली होईल, नवा माणूस चार सारख्या निळ्या वायरींपुढे उभा राहून फोन करेल. ‘लिसनर रीस्टार्ट करून बघ’ एवढंच सांगायचं आणि फोन ठेवायचा.