वाडीत ऊन आलं, त्याचा पंचनामा

मे महिना सरत आला आणि अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली, की पुण्या-मुंबईतले दोन-चार मित्र मला हमखास विचारतात, "यंदा काही झालंच तर मदत कुठे पाठवायची?" माझे आजोळ रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातले आहे आणि ‘निसर्ग’ वादळानंतर मी तिथे बऱ्याच खेपा घातल्या, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो. त्याचे उत्तर फोनवर देताना दरवेळी अर्धेच राहते, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी ते वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता आणि मधले झोत त्याहून जोराचे होते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, म्हसळा आणि खाली दापोली-मंडणगडपर्यंत कौले उडाली, पत्रे कागदासारखे चुरगळले, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्यात टाळेबंदीचे दिवस होते. मुंबईतले काम थांबल्यामुळे चाकरमानी नुकतेच गावी परतले होते, म्हणजे उघड्या पडलेल्या छपराखाली नेहमीपेक्षा जास्त माणसे होती आणि पावसाळा चार दिवसांवर आला होता.

प्रवासाचे पास काढून आम्ही काही जण ताडपत्र्या आणि शिधा घेऊन पोहोचलो, तेव्हा मामी पडवीत बसली होती. तिने घराविषयी काही सांगितले नाही. मागच्या दाराकडे बोट दाखवून ती एवढेच म्हणाली, "जा, बघून ये. वाडीत ऊन आलंय." सुपारीची वाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना या वाक्याचा अर्थ कळणार नाही. तिथे भर दुपारीही अंधूक हिरवा उजेड असतो, पाटाचे पाणी गार असते आणि विहिरीच्या काठावर कायम शेवाळ असते. त्या दिवशी विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोहोचले होते आणि सुपाऱ्या एकाच दिशेला, कंगव्याच्या दातांसारख्या, आडव्या पडल्या होत्या.

सरकारने मदत केली नाही असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. रायगडसाठी तातडीचे १०० कोटी रुपये जाहीर झाले. फळबागांची भरपाई हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपयांपर्यंत वाढवण्यात आली आणि पूर्ण पडलेल्या घरासाठीची रक्कम ९५,१०० वरून दीड लाखावर नेण्यात आली. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक भर पावसात गावोगाव फिरले, हे मी स्वतः पाहिले आहे. माझी तक्रार माणसांविषयी नाही. पंचनामा या गोष्टीची जी दृष्टी आहे, तिच्याविषयी आहे.

हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. कोकणातली वाडी हेक्टरात नसते, ती आठ-दहा गुंठ्यांची असते. दहा गुंठे वाडी झोपली तर हाती येणार ५,००० रुपये, आणि तेवढ्या जागेत शास्त्रशुद्ध अंतराने लावल्या तर सव्वाशेच्या वर सुपाऱ्या उभ्या असतात. पुढे लोकांनी आरडाओरडा केल्यावर झाडामागे मदत देण्याचे ठरले, ती सुपारीला ५० रुपये आणि नारळाला २५०. सुपारीचे झाड फळाला यायला सहा-सात वर्षे घेते. पडलेले झाड तोडून, ओंडके करून वाडीबाहेर काढण्याची मजुरीसुद्धा ५० रुपयांत भागत नाही.

शिवाय हे पैसेदेखील सातबाऱ्यावर नाव असेल त्यालाच मिळतात. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे सामाईक असतात, त्यांतली काही वारलेली, काही ठाण्या-बोरिवलीला, एखादे अमेरिकेत. प्रत्येकाचे संमतीपत्र आणायचे तर, वादळ परवडले पण भाऊबंदकी नको, असा अनुभव येतो. आणि कातकरी आदिवासींच्या ज्या वाड्या, म्हणजे वस्त्या, दुसऱ्याच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वसल्या आहेत, त्यांच्याकडे दाखवायला कागदच नसतो.

याहूनही मला सलते ते वेगळेच. पंचनामा झाडाचा होतो, झाडावर जगणाऱ्याचा होत नाही. आमच्या वाडीत सुपारी उतरवायला येणारा पाडेली एका झाडावर चढला की खाली न उतरता शेंडा हलवून शेजारच्या झाडावर जात असे, आणि असे करत करत अर्धी वाडी हवेतच पालथी घालत असे. लहानपणी आम्ही तोंडाचा आ करून ते बघायचो. त्या माणसाची एक गुंठाही जमीन नाही. सुपारी सोलायला येणाऱ्या बायकांचीही नाही. मालकाला थोडी का होईना भरपाई मिळाली, पण या लोकांचा सहा-सात वर्षांचा रोजगार एका दुपारी गेला आणि त्याची नोंद कुठल्याही रकान्यात झाली नाही. जी झाडे वाचली, तीही विरळ झाल्यामुळे शेंड्यावरून शेंड्यावर जाता येईना. दरवेळी खाली उतरून पुन्हा चढायचे, म्हणजे तेवढ्याच मजुरीत दुप्पट कष्ट.

नुकसान त्या दिवशी संपलेही नव्हते. सुपारीच्या खोडाची साल नाजूक असते आणि ती शेजारच्या झाडांच्या सावलीवर जगते. वादळातून वाचलेल्या झाडांना पुढच्या उन्हाळ्यात पश्चिमेचे तिरपे ऊन थेट लागले, साली भाजून तडकल्या आणि त्यांतली काही झाडे नंतर मेली. नारळाचे ओंडके जिथे कुजत पडले, तिथे गेंड्या भुंग्याची पैदास झाली आणि त्याने उभे माड पोखरायला घेतले. पंचनाम्याची मुदत तोवर केव्हाच उलटून गेली होती.

म्हणून मित्रहो, माझे उत्तर असे आहे. पहिल्या आठवड्यात ताडपत्री, दोरी, मेणबत्त्या, पिण्याचे पाणी आणि कोरडा शिधा जरूर पाठवा, मात्र जुने कपडे पाठवू नका. आमच्या गावच्या शाळेत त्या वर्षी कपड्यांचा ढीग छताला टेकला होता, त्यात एक जरीची शेरवानीही होती, आणि पावसाने भिजून तो सगळा ढीग कुबट झाल्यावर गावकऱ्यांनाच तो निस्तरावा लागला. त्यापेक्षा लाकूड कापायचे एखादे यंत्र आणि त्याचे इंधन पाठवा, आणि ते चालवायची मजुरी गावातल्याच भूमिहीन माणसांना द्या. वाडी साफ होते, भुंग्याची पैदास टळते आणि ज्याला भरपाई मिळणार नसते त्याच्या हातात रोख पैसे पडतात. आम्ही हे उशिरा शिकलो. पहिल्या खेपेला आम्हीही तांदळाचीच पोती नेली होती आणि शेजारच्या गावात तीन संस्थांचा तांदूळ आधीच येऊन पडला होता.

हातात पैसे असतील तर अर्धे बाजूला ठेवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी द्या, कारण तोपर्यंत बातम्या थांबलेल्या असतात आणि गरज थांबलेली नसते. सुपारीचे रोप लावले तर त्याला आधी सावली लागते, म्हणून केळी लावावी लागते, आणि केळीचे उत्पन्न तेवढाच मधला आधार ठरते. खात्रीची रोपे मिळवून देणे, वारस नोंदी आणि संमतीपत्रांसाठी तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या म्हातारीबरोबर एक दिवस जाऊन येणे, कातकरी वाडीतल्या कुटुंबांना जातीचा दाखला आणि बँकेचे खाते काढून देणे, ही कामे फोटोत चांगली दिसत नाहीत. मामीची संमतीपत्रे गोळा करायला मला अकरा महिने लागले, आणि मी शिकलेला, गाडी असलेला माणूस आहे.

वादळाच्या पुढच्या वर्षी लावलेल्या रोपांतल्या तीन-चार झाडांना आता पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली आहे. मामीने फोटो पाठवला होता. पाडेल्याला कळवायचे म्हणून मी त्याच्या घरी चौकशी केली, तर तो दोन वर्षांपासून माणगावकडे एका गोदामावर रात्रपाळीला आहे, आणि त्याच्या मुलाला झाडावर चढता येत नाही.