घोड्यांचा टक्का पडला हे खरं, पण फॉरवर्डमधलं बाकीचं सगळं चुकीचं आहे

आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर असा, की १९५१ साली देशातल्या दर दहा जनावरांत एक घोडा होता, आज टक्का ०.०२ वर आलाय म्हणजे तेवढे घोडे मेले, ट्रॅक्टर आला आणि घोडा संपला, कोकणात गावोगावी पागा होत्या आणि आता औषधालाही घोडा उरला नाही. खाली उधळलेल्या घोड्याचा फोटो, वर "शेअर करा". घोड्यांवर माझा जीव आहे म्हणून सांगतो मंडळी, हे असं पुढे ढकलू नका, यातलं जवळपास काहीच टिकत नाही.

पहिलं, दहात एक. १९५१ च्या पशुगणनेत देशाचं पशुधन साधारण २९ कोटी २८ लाख होतं आणि घोडे-तट्टू मिळून १५ लाखांच्या आसपास. मोबाईलवर भागून बघा, अर्धा टक्का येतो, म्हणजे दोनशे जनावरांत एखादा घोडा. फॉरवर्डवाल्याने तो सरळ वीस पट करून ठेवलाय.

आता ते ०.०२. २०१९ च्या गणनेत पशुधन ५३ कोटी ५८ लाख आणि घोडे-तट्टू ३ लाख ४० हजार, म्हणजे ०.०६ टक्के. मग ०.०२ आलं कुठून? मी बराच वेळ आकडेमोड करत बसलो तेव्हा लक्षात आलं की कोंबड्या धरल्या की बरोबर तेवढं येतं! त्या गणनेत कोंबड्या-बदकं ८५ कोटींच्या वर आहेत, पण ती वेगळी मोजतात, पशुधनाच्या बेरजेत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, गाढव, उंट अशी जनावरंच येतात. आज पोल्ट्रीतल्या कोंबड्या बेरजेत घ्यायच्या आणि जुना आकडा मात्र कोंबड्यांशिवायचा ठेवायचा, अशी तुलना होते का? खरा आकडाच पुरेसा वाईट आहे हो, अर्ध्या टक्क्यावरून ०.०६, आठ पट घसरण, त्यात अजून खोटं घालायची गरज काय होती.

पुढचं म्हणणं, टक्का पडला म्हणजे घोडे तेवढे मेले. इथे बहुतेक सगळे फसतात, चांगले शिकलेले लोकही. मंगोलियाचं बघा. १९९० साली तिथे एकूण जनावरं २ कोटी ५८ लाख आणि घोडे साडेबावीस लाख, म्हणजे पावणेनऊ टक्के. २०१९ साली घोडे ४२ लाखांवर गेले, जवळपास दुप्पट झाले, आणि टक्का मात्र सहाच्या खाली आला. कारण मधल्या काळात काश्मिरी लोकरीला (कॅशमिअर, ती शेळीचीच असते) भाव आला आणि लोकांनी शेळ्या वाढवल्या, ५१ लाखांच्या २ कोटी ९० लाखांच्या वर झाल्या. खालचा आकडा फुगला की वरचा वाढूनही टक्का पडतो, एवढं साधं आहे. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकदम झाल्या, एकूण जनावरं पावणेदोन पटीपेक्षा जास्त वाढली आणि घोडे साडेचार पटीच्या आसपास कमी झाले. समजा १५ लाख घोडे आजही तसेच असते, तरी टक्का ०.२८ च दिसला असता. म्हणून नुसता टक्का फेकून कोणी रडायला लावत असेल तर आधी त्याला घोडे किती आणि एकूण जनावरं किती हे दोन्ही विचारा.

ट्रॅक्टर. हे अमेरिकेचं आहे, आपलं नाही. तिथे नांगर घोडे आणि खेचरं ओढायची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही मिळून अडीच कोटींच्या आसपास होती आणि १९६० पर्यंत ३० लाखांच्या घरात आली, तिथे ट्रॅक्टरला दोष देणं बरोबर आहे. पण आपल्या खाचरात चिखलणीला घोडा कोणी जुंपलेला पाहिलाय? बैल नाहीतर रेडा, आणि आता पॉवर टिलर. ट्रॅक्टरने आपल्याकडे घालवला तो बैल. घोड्याचं काम होतं टांग्याला, एक्क्याला, ओझ्याला, वरातीला, आणि ते काम रिक्षा, टेम्पो आणि नवीन रस्त्यांनी खाल्लं, मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या तर हायकोर्टाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. आणि सगळ्यात मोठा झटका जुना नाहीच, अगदी कालचा आहे. २०१२ ला घोडे सव्वासहा लाख होते, २०१९ ला ३ लाख ४० हजार, सात वर्षांत ४५ टक्के गेले! त्याच काळात गाढवं ६० टक्क्यांहून जास्त घटली. ट्रॅक्टर काय २०१२ नंतर आला का? या सात वर्षांवर त्या फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

आता आपलं कोकण आणि गावोगावच्या पागा. किल्ल्यांवर आणि सरदारांकडे घोडे होते, नाही कोण म्हणतंय, पण मराठ्यांच्या फौजेची तट्टं ही भीमा-नीरेकाठच्या कोरड्या माळावरची. आपल्याकडे चार महिने पाऊस, पायाखाली कायम ओल, घोड्याचे खूर कुजतात, डोंगर-खाड्यांत माल न्यायला बैल, नाहीतर मचवे-पडावांसारख्या होड्या. कोकणाचा घोड्याशी खरा संबंध बंदरांचा, अरबस्तान-इराणकडून घोडे गलबतांनी चौल-दाभोळला उतरायचे आणि घाट चढून वर जायचे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी असाच होर्मुझहून स्वतःचा घोडा घेऊन चौलला उतरला आणि पुढे जुन्नरला गेला. त्याने लिहून ठेवलंय की या मुलखात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात, लोक त्यांच्यावरच बसतात आणि मालही त्यांच्यावरूनच नेतात, आणि घोड्यांना हरभरा खायला घालतात. साडेपाचशे वर्षांपूर्वी आपल्याच चौलच्या धक्क्यावर उतरलेला माणूस हे सांगतोय, आणि आपण मात्र गावोगावी पागा शोधतोय.

राहिलं "औषधालाही नाही". अलिबागला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर या. कुलाबा किल्ल्यावर जाणाऱ्या घोडागाड्या पाण्यातून जातात, चाकं अर्धी बुडतात, घोडा पोटापर्यंत भिजतो आणि तसाच लगेच दुसऱ्या फेरीला वळतो, खारं पाणी अंगावरच सुकतं. काशिदला, मुरुडला घोडे आहेत. माथेरानला तर गाड्या थांबतात त्या दस्तुरीपासून वर माणसंही घोड्यावर आणि सिलिंडर, भाजी, सिमेंटही घोड्यावर, आणि तिथेही आता ई-रिक्षा आल्यापासून घोडेवाले काळजीत आहेत. या घोड्यांना गोडं पाणी, सावली, वेळेवर नाल लागतो. ग्लँडर्स नावाचा रोग आहे, माणसालाही होतो, रक्ताच्या तपासणीत पक्का निघाला तर कायद्याने घोडा मारावाच लागतो, म्हणून शेजारच्या गाडीवाल्याला सांगा की पावसाळ्यात धंदा बंद असतो तेव्हाच सरकारी पशुवैद्यकाकडून ती तपासणी करून घे, सीझन सुरू झाल्यावर एक दिवस गाडी उभी ठेवणं त्याला परवडत नाही.