राउटर बंद करून चालू करा म्हणे!

सिडकोत रात्रीचे आठ वाजले की आमच्या नेटला उचकी लागते. स्पीड टेस्ट १०० दाखवते, पण मीटिंगमध्ये मी "हॅ... लो... ऐकू ये..." एवढाच उरतो. वायफायवर ढकलतील म्हणून मुद्दाम लॅनची वायर लावली. राउटरला १०० पिंग (उत्तर येतं का ते बघायला पाठवलेले छोटे संदेश), एकही गळालं नाही. ८.८.८.८ या बाहेरच्या गुगल सर्व्हरला १००, तर १४ गायब! म्हणजे गळती राउटरच्या पलीकडे. तरी कस्टमर केअरवाल्या ताई: "सर, राउटर बंद करून चालू करा." अहो, सातव्यांदा!

माणूस आला तो सकाळी अकराला. तेव्हा अर्थातच सगळं झक्कास. मीटर लावून म्हणतो, "पॉवर उणे १९, एकदम ओके." अरे दादा, फायबरमधला उजेड ठीकच आहे, रात्री तुमच्याकडेच गर्दी उसळते त्याचं काय? तक्रारीचं तिकीट बंद. "समस्या सुटली" हा मेसेज मी मोबाइल डेटावर वाचला.