तो फोटो माझा आहे, पुरावा म्हणून वापरू नका

गेल्या आठवड्यात आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी काकांनी एक फोटो टाकला. बर्लिनच्या एस-बानमध्ये, म्हणजे लोकल ट्रेनमध्ये, सीटखाली गपचूप झोपलेला तपकिरी कुत्रा, तोंडाला मुस्कं. खाली लिहिलेलं, "याला म्हणतात शिस्त. परदेशात रस्त्यावर एक कुत्रं दिसत नाही. आपल्याकडे भूतदयेच्या नावाखाली नुसती थेरं." फोटो मी मावशीला पाठवलेला, तो फिरत फिरत तिथे पोचला. कुत्रा माझा, मी इथे जर्मनीत राहते. आणि थेरं म्हणजे माझी आई, वय ६९, जी रोज रात्री साडेनऊला बी विंगच्या मागे जनरेटरपाशी चार कुत्र्यांना दूधभात घालते.

काका, तुम्हाला मी लहानपणापासून ओळखते, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

त्या फोटोतला बाळ्या रुमानियातल्या रस्त्यावरचा आहे. म्हणजे परदेशातल्याच रस्त्यावरचा! २०१३ मध्ये बुखारेस्टला कुत्र्यांनी चार वर्षांच्या मुलाचा जीव घेतला, लोक चिडले आणि शेल्टरमध्ये कामकाजाच्या १४ दिवसांत कोणी न्यायला आलं नाही तर कुत्रं मारायची परवानगी देणारा कायदा झाला. तेव्हापासून तिथल्या संस्था आणि इथल्या संस्था मिळून कुत्री इकडे आणतात, चिप, रेबीजची लस, मग २१ दिवस थांबायचं, निळा पासपोर्ट, आणि माझ्या घरी फोरकाँट्रोलेला, म्हणजे कुत्रा देण्याआधी घर तपासायला, आलेल्या बाईंनी बाल्कनीच्या जाळीच्या भोकात बोट घालून बघितलं होतं. एवढं झाल्यावर तो कुत्रा एस-बानमध्ये झोपलाय. तुम्ही शेवटचा फोटो बघितलात, आधीचं काही नाही.

आणि इथली शिस्त फुकट येत नाही हेही सांगा की ग्रुपवर. पहिल्या कुत्र्याचा टॅक्स वर्षाला १२० युरो, विमा वेगळा, आयसीई या लांब पल्ल्याच्या गाडीला बाळ्याचं अर्धं तिकीट. २००२ पासून प्राण्यांचं रक्षण इथल्या घटनेत आहे. २०१३ मध्ये इथल्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं की घरमालक भाडेकरारात कुत्र्यामांजरांवर सरसकट बंदी घालू शकत नाही. आपल्याकडेही ॲनिमल वेलफेअर बोर्डानं २०१५ मध्येच सोसायट्यांना कळवलंय की पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टमध्येसुद्धा नाही. ते पत्रक आपल्या नोटीस बोर्डावर कधी लागलं नाही, "श्वानांना खाणे घालण्यास सक्त मनाई" मात्र लॅमिनेट करून लागलंय.

सुप्रीम कोर्टाचंही तसंच. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतली सगळी कुत्री उचला असा आदेश आला तो ग्रुपवर दहादा फॉरवर्ड झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांनी तो बदलला, नसबंदी करा, लस द्या आणि होतं तिथेच सोडा, फक्त रेबीज झालेली आणि अंगावर येणारी सोडू नका, खायला घालायला जागा ठरवून द्या, हे मात्र कोणी टाकलं नाही. आईनं टाकलं तर "ताई, पर्सनल मेसेज नको."

भीती मला कळते. १९९३ साली, मी नऊ वर्षांची असताना शाळेतून येताना कुत्रं पोटरीला चावलं, सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं घेतली, रोज एक, बाबा हात धरून बसायचे. सी विंगमधला मुलगा आता सायकल खाली आणत नाही हेही आईनं सांगितलंय. त्या पोराला कुत्रेप्रेमावर लेक्चर देऊन काही होणार नाही, त्याला लस दिलेली कुत्री हवीत. आणि ते काम होतं, गोव्यात झालं. मिशन रेबीज ही बाहेरची संस्था आणि गोवा सरकार, दोघांनी मिळून वर्षानुवर्षं गल्लोगल्ली जाळी घेऊन कुत्री पकडली, टोचली, सोडली. शंभरातल्या ७० कुत्र्यांना लस पडली की रेबीजची साखळी तुटते, हा जगभरचा हिशोब. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. ठाण्याहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी गोवा! तिकडचं उदाहरण सोडून तुम्ही बर्लिनचं शोधता.

पण खरी चीड मला दुसऱ्याच गोष्टीची आहे आणि ती इकडच्या लोकांवर आहे. माणूस आणि प्राण्याचं नातं समजून घ्यायला जगभरातल्या संस्था १९९० पासून एकत्र आल्यात, आयएएचएआयओ नावानं. १९९५ ची त्यांची जिनिव्हा घोषणा मी वाचली. चांगली आहे, शाळेत, हॉस्पिटलात, वृद्धाश्रमात प्राण्यांना जागा द्या म्हणते. पण सगळी पाळीव प्राणी आणि त्याचा मालक या हिशोबात. २०१५ मध्ये जपानच्या अझाबू विद्यापीठानं कुत्रा आणि माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा दोघांचं ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याचं हार्मोन, वाढतं हे मोजून दाखवलं, तिथेही कुत्रा आणि त्याचा मालक. मग आमचे वॉचमन यादवकाका कुठे बसतात? पहाटे साडेपाचला दूधवाला यायच्या आधी ते खुर्चीत बसून पायातला बूट काढतात आणि आई घालते त्या चारांतली लाली येऊन त्या उघड्या पावलावर हनुवटी टेकते, दोघंही डोळे मिटून. लाली त्यांची नाही, ते लालीचे नाहीत. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रांच्या गटानं दाखवलंय की रस्त्यावरचं कुत्रं अनोळखी माणसावर विश्वास ठेवतं ते खाण्यापेक्षा कुरवाळण्यानं जास्त. हे जगाच्या टेबलावर आपण मांडायला हवं, आपल्याकडून. नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्या कुत्र्यामागे धावले त्याचा मालक कोण होता हे कोणी विचारलंय का आजवर?

हे सगळं मी इथून तावातावानं लिहितेय आणि मला माहितेय तुम्ही काय म्हणणार. "तू ये ना मग इथे, तू घाल." बरोबर आहे. २०१४ ला मी निघाले तेव्हा गेटवर चिकू होता, टॅक्सीमागे तो नितीन कंपनीच्या सिग्नलपर्यंत धावला. मी आईला म्हटलं, "त्याला रात्रीचं घालत जा, मी दोन वर्षांत येते." आईला तोवर कुत्र्यांची भीती वाटायची, माझ्या चावण्यामुळेच. तिनं घालायला सुरुवात केली ती माझ्यासाठी. दोन वर्षांची इतकी झाली, चिकू २०१९ मध्ये गेला, मला तीन आठवड्यांनी सांगितलं. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही तिला मीटिंगमध्ये उभं करून बोललात ते माझं काम आहे. इथे बाळ्याला मी मराठीत बोलते, व्हिडिओ कॉलवर आई लालीला "यू यू यू" करते तेव्हा तो सोफ्यावरून उठून फोनपाशी येतो, फोनच्या मागे जाऊन बघतो. तो कुठला हे मला कोणी विचारलं तर मी पटकन ठाण्याचा म्हणते.

रविवारी साडेदहाला मीटिंग आहे, इथे सहा वाजलेले असतील, मी लिंकवर असेन. आईची वही कॅमेऱ्यासमोर धरायची ठरलंय, तिचं अक्षर बारीक आहे तेव्हा जरा जवळून बघा: लाली, डावा कान कापलेला, नसबंदी झाली. भुऱ्या, कान कापलेला, लस दिली. राणी, लस दिली, पुढची तारीख पेन्सिलीनं. चौथ्याला अजून नाव नाही, लस बाकी.