डावा हात चेलोकडे

डाव्या हाताने चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले खर्जातले वाद्य, वाजावा आणि उजव्या हाताने बासरी, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. संगणकाला जोडलेला, पियानोसारखा की-बोर्ड एक, वाजवणारा एक आणि संगणकातली वाद्ये दोन, यात संगणकाने अडून बसावे असे काही असेल, अशी शंकाही मला त्या रविवारी सकाळी आली नाही.

पहिली पट्टी दाबली आणि चेलो, बासरी व कधीतरी गंमत म्हणून उघडून मी विसरून गेलेला ड्रमसेट असे तिघे एकदमच बोलले. दोष अर्थातच माझा होता. मिडी ही की-बोर्ड आणि संगणक यांच्या बोलण्याची ठरलेली भाषा. तिच्या तारेतून आवाज जात नाही, जातो तो फक्त निरोप : अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. हा निरोप कोणी ऐकायचा, हे ठरवण्यासाठी १९८३ पासून सोळा चॅनलांची सोय आहे. परंतु माझ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नवा ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याचा रकाना, जन्मतःच ‘सर्व चॅनल’ ऐकतो, त्यामुळे निरोप कोणासाठीही असो, ओ द्यायला सगळेच तयार.

मी ड्रमसेट हाकलला, चेलोला पहिला चॅनल दिला, बासरीला दुसरा दिला आणि स्वतःवर खूश होऊन दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. दोन्ही हातांचे सूर चेलोने वाजवले. बासरी रुसल्यासारखी गप्प होती, कारण माझा की-बोर्ड सगळे निरोप इमानेइतबारे पहिल्याच चॅनलवर पाठवतो. कोणता हात डावा आणि कोणता उजवा, याची त्याला काय कल्पना?

मग मी दोन्ही वाद्यांना पहिल्याच चॅनलवर आणून पट्ट्यांची सरहद्द आखायला घेतली : की-बोर्डच्या मधोमध असलेल्या ‘सी’ सुराच्या, म्हणजे मधल्या सीच्या, खाली चेलो, त्या सीपासून वर बासरी. या सीचा क्रमांक साठ, याबद्दल जगात दुमत नाही. दुमत आहे ते नावाबद्दल. साठला कोणी सी-तीन म्हणतो, कोणी सी-चार. माझ्या की-बोर्डची पुस्तिका सी-चारवाली आणि सॉफ्टवेअर सी-तीनवाले निघाले, हे मला फार उशिरा कळले. पुस्तिकेवर विश्वासून मी सी-चार लिहिले, तेव्हा सरहद्द बहात्तरावर, म्हणजे पूर्ण एक सप्तक वर जाऊन बसली. परिणामी बासरीसाठी रचलेली हळवी चाल चेलोने घोगऱ्या गळ्याने म्हणून दाखवली, आणि खरे सांगायचे तर ती तशी वाईट वाटत नव्हती.

तरीही तत्त्व म्हणून मी चूक सुधारली. फक्त ती सुधारताना उजव्या हाताचे बोट पासष्ट क्रमांकाच्या पट्टीवर तसेच दाबलेले होते आणि डाव्या हातात माउस होता. सरहद्द साठावर आली, मी बोट उचलले, आणि चेलो थांबेना. पट्टी दाबल्याचा निरोप जुन्या सरहद्दीनुसार चेलोला मिळाला होता. सोडल्याचा निरोप मात्र नव्या नियमाने बासरीकडे गेला, आणि तिने तो, न वाजवलेला सूर थांबवण्याची आज्ञा समजून, निमूटपणे पाळला. चेलोच्या दृष्टीने माझे बोट अजून पट्टीवरच होते. मी दुसऱ्या पट्ट्या दाबून पाहिल्या, आवाज कमी केला, पुन्हा वाढवला. शेजारच्या खोलीतून ‘कोण रडतंय?’ अशी विचारणाही झाली. शेवटी ‘पॅनिक’ नावाचे एक बटण सापडले, जे सगळ्या वाद्यांना एकाच वेळी गप्प बसायला सांगते. या बटणाचे नाव ज्याने ठेवले, त्याला अनुभव दांडगा असला पाहिजे.

दुपारपर्यंत सगळे जागच्या जागी लागले. मी रेकॉर्डिंग सुरू केले आणि चौथ्या ओळीत माझा डावा हात, चालीतच तसे असल्यामुळे, मधला सी ओलांडून दोन पट्ट्या वर गेला. त्या दोन सुरांपुरता चेलो तोंड मिटून बसला आणि त्याचे वाक्य बासरीने पूर्ण केले.

मी सरहद्द पुसून टाकली, आधी चेलोच्या ट्रॅकवर डावा हात वाजवला, मग बासरीच्या ट्रॅकवर उजवा. दोन्ही मिळून सहा मिनिटे लागली.