‘22 सेकंदांत टी-शर्ट’ या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही दिवस कुर्ला-साकीनाका भागातील शिलाईच्या गाळ्यांमध्ये मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. अमेरिकेतला रोबोट 22 सेकंदांत टी-शर्ट शिवतो आणि दिवसाला 8 लाख नग काढतो. मोटारी जोडणाऱ्या रोबोटला कापड ते काय जड. तेव्हा मुलामुलींच्या शिवणवर्गावर पैसे घालवू नका, असा त्याचा मजकूर आहे. आमच्या गाळ्यात ओव्हरलॉकवर (कापडाची कड कापत शिवणाऱ्या मशीनवर) बसणाऱ्या एका ताईंनी तो मला दाखवला आणि मुलीची फी भरू की नको, असे विचारले. मी वीस वर्षे होजिअरीच्या मालाची तपासणी करते, त्यामुळे या प्रश्नाला नीट उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

आधी आकडे पाहू. ते 2017 साली आर्कान्सासमधील लिटल रॉक येथे उभारायच्या कारखान्याच्या घोषणेसोबत प्रसिद्ध झाले होते. म्हणजे ती पुढे काय होईल याची अपेक्षा होती, झालेल्या कामाची मोजदाद नव्हती. शिवाय 22 सेकंद म्हणजे भरलेल्या लाइनच्या (ओळीने लावलेल्या यंत्रांच्या) टोकाशी एकामागून एक नग पडण्यातले अंतर. एका टी-शर्टला लागणारा सगळा वेळ नव्हे. दिवसाचे 86,400 सेकंद धरले, तर एक लाइन क्षणभरही न थांबता जेमतेम 3,927 नग देईल आणि 8 लाखांसाठी अशा दोनशेहून अधिक लाइन लागतील. त्या कारखान्यात मात्र 21 लाइनच योजलेल्या होत्या.

दुसरा मुद्दा मोटारींचा. जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबोट 1961 साली कामाला लागला, मग साठ वर्षांत त्याने शिलाई का उचलली नाही, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याला पडायला हवा होता. पत्र्याचा तुकडा कुठे आहे आणि कोणत्या कोनात आहे हे कळले, की त्याच्याबद्दल सगळे कळले, कारण उचलल्यावर त्याचा आकार बदलत नाही. कापड एका कोपऱ्याने उचलले, तर उरलेला भाग कुठे लोंबेल आणि कुठे दुमडेल हे दर वेळी नव्याने ठरते. आमच्या टेबलावरचेच पाहा. कटिंगनंतर गठ्ठ्यातील तुकड्यांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात; मुलगी अंगठ्याने कड किंचित चोळून एकच पदर सोडवते. हवेने ओढणाऱ्या पकडीला हे अवघड जाते, कारण विरळ कापडातून हवा आरपार जाते आणि खालचा पदरही वर येतो. सुयांच्या पकडीने नाजूक जर्सीवर, म्हणजे टी-शर्टच्या विणलेल्या कापडावर, खुणा राहण्याची भीती असते. त्यात सिंगल जर्सीच्या उभ्या कडा उलट्या बाजूकडे आणि आडव्या कडा सुलट्या बाजूकडे वळतात. मग बाही मुंढ्याला जोडायची, तेव्हा दोन्ही वाकड्या कडा बोटांनी उलगडत, एक किंचित ताणत आणि दुसरी सैल सोडत, सुईखाली सरकवाव्या लागतात. जुलैच्या दमट हवेत सुती माल ओलावा धरतो आणि तोच तुकडा हाताला वेगळा लागतो. कारागीर विचार न करता बोटांचा दाब बदलते. मला तरी या साऱ्या कामात हेच सर्वांत अवघड कौशल्य वाटते, आणि मजुरीच्या हिशेबात त्याची कुठेही नोंद नसते.

संदेशात जर्मनीतील आदिदासच्या रोबोट-कारखान्याचाही पुरावा म्हणून उल्लेख आहे. जर्मनीतील आन्सबाखचा तो कारखाना आणि अमेरिकेतील अटलांटाचा तसाच दुसरा, असे दोन्ही कारखाने बंद करण्याचा निर्णय कंपनीने 2019 साली जाहीर केला, आणि ते तंत्र आशियातील पुरवठादारांकडे नेण्याचे ठरवले.

तरीही ‘हे कधीच होणार नाही’ असे मी म्हणणार नाही, कारण तेही खोटे ठरेल. बर्कली विद्यापीठातील रोबोटला 2010 साली एका टॉवेलची घडी घालायला सरासरी सुमारे 25 मिनिटे लागत होती. त्याच विद्यापीठातील संशोधकांच्या सहभागाने 2022 साली सादर झालेल्या यंत्रणेला चुरगळलेल्या कपड्यासाठी दोन मिनिटांहून कमी वेळ लागला. ही प्रगती मोठी आहे. 2016 साली सिएटलच्या एका संशोधकाने तर कापड पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्याने पत्र्यासारखे कडक करून रोबोटकडून टी-शर्ट शिवून घेतला. युक्ती सुंदर आहे. पण प्रत्येक नग आधी कडक करायचा आणि शेवटी धुऊन वाळवायचा, हा खर्च त्यात वाढतो.

कापड सपाट आणि घट्ट धरता येते तिथे यंत्र केव्हाच आले आहे. थान पसरणे, संगणकावरून कटिंग, काज-बटण, साचा लावून खिसा बसवणे ही त्याची उदाहरणे आहेत. मोठ्या युनिटांमध्ये हाताने कापणाऱ्या मास्तरांचे काम कमी झाले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे मला वाईटही वाटते. यंत्र पुढे सरकेल ते याच वाटेने, सरळ शिवणीकडून वाकड्या शिवणीकडे.

म्हणून त्या ताईंना मी सांगितले, की फी भरण्याआधी वर्गात जाऊन दोन गोष्टी विचारा. ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉकवर (चपटी शिवण घालणाऱ्या मशीनवर) ताणले जाणारे कापड शिकवतात का, आणि मशीनवरचा धाग्याचा ताण व कापड पुढे सरकवणारे दाते स्वतः जुळवायला देतात का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर फी भरा. सहा महिने फक्त सरळ टीप मारायला लावणार असतील, तर दुसरा वर्ग शोधा.