गुडघा बदलल्यावर डाळ-अंडी बंद? तो मेसेज आधी डिलीट करा

तासगावच्या आत्याचा उजवा गुडघा बदलून काल १७ दिवस झाले. ऑपरेशन मिरजेत झालं, चांगलं झालं, वॉकर धरून घरी आली. काल भेटायला गेले तर ताटात नुसता मऊ भात आणि तूप. डाळ कुठाय विचारलं तर म्हणाली, "डाळीनं टाकं पिकत्यात गं, मेसेज आलाय." मेसेज भावकीच्या ग्रुपवरचा, 'गुडघा बदललेल्यांनी जरूर वाचा' असा, आणि खाली एका पावडरीची जाहिरात. आज सकाळपासून तोच मेसेज मला सांगलीतल्या आणखी दोन ग्रुपवर दिसला म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणणं: टाके आहेत तोवर डाळ, अंडी, मटण बंद, नाहीतर पू होतो. अहो, पू जंतूंमुळे होतो, डाळीमुळे नाही! शुगर वाढलेली असली, तंबाखू चालू असली, अंगात प्रोटीन कमी असलं की जखम चिघळायचा धोका वाढतो. म्हणजे जे जखम भरायला लागतं तेच हा मेसेज बंद करायला सांगतोय. आणि नुसती जखमच नाही, मांडीचं काय? गुडघा बदलल्यावर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आधीच्या निम्म्यावर येते. आत्याला म्हटलं दोन्ही मांड्या आवळून दाखव, डावीला हात लावला तर गोळा टणक, उजवी आवळली तरी मऊच. त्या स्नायूवरच उठायचंय, जिना चढायचाय, संडासला जायचंय.

यावर नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठाच्या हान्स ड्रायर यांच्या टीमने गुडघा बदललेल्या २८ जणांवर केला, २०१३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'मध्ये छापून आला. काहींना ऑपरेशनच्या आधी एक आठवडा आणि नंतर दोन आठवडे, दिवसातून दोनदा २० ग्रॅम आवश्यक अमिनो आम्लं दिली, म्हणजे प्रोटीनचे जे घटक शरीर स्वतः बनवू शकत नाही ते, आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी पण त्या घटकांशिवायची पावडर. सहा आठवड्यांनी बाकीच्यांचा ऑपरेशनच्या पायाचा मांडीचा स्नायू १८ टक्के घटला होता, घेणाऱ्यांचा फक्त ६ टक्के. माणसं थोडी होती हे मान्य, पण फरक केवढा आहे बघा.

म्हणून सप्लिमेंट घ्यायलाच माझा विरोध नाही, ताट रिकामं ठेवून वर पावडर खाण्याला आहे. आत्याचं वजन ५८ किलो, किलोमागे १.२ ग्रॅम धरलं तरी दिवसाला ७० ग्रॅम प्रोटीन हवं, आणि दोन वेळच्या त्या भातातून जेमतेम दहा मिळत असेल. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यात ७, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडीत २५ च्या वर. एवढं खाऊन कमी पडलं तर डॉक्टरांना विचारून व्हे पावडर (दुधापासून काढलेल्या प्रोटीनची) घ्या.

आता ज्यानं माझं डोकं फिरलं ते. 'रक्त पातळ करायची गोळी केमिकल आहे, ती सोडा आणि हळदीची कॅप्सूल घ्या.' आत्याच्या गोळ्यांची स्ट्रिप हातात घेतली तर दोन दिवसांच्या गोळ्या तशाच!! ही गोळी पायात गुठळी होऊ नये म्हणून असते, ती गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस दगावतो. किती दिवस घ्यायची ते सर्जन ठरवतो, आत्याला महिनाभर सांगितली होती. आम्ही रात्रीच फोन लावला, त्यांनी गोळी लगेच चालू करायला सांगितली आणि आज सकाळी बोलावून पायाची सोनोग्राफी केली, नशिबानं काही नव्हतं.

आम्ही सांगलीची माणसं, आमच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, हळदीचं कौतुक मलाही आहे. भाजीतली, दुधातली हळद खुशाल खा. पण कॅप्सूलमध्ये हळदीतला अर्क भरपूर असतो, वर तो जास्त शोषला जावा म्हणून मिरीचा अर्क घालतात. रक्त पातळ करायच्या गोळीसोबत तो घेतला तर रक्तस्राव वाढायचा धोका, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी अशा कॅप्सूलने लिव्हरला इजा होऊ शकते म्हणून इशारा दिलाय.

'व्यायाम नको, २१ दिवस कोलेजन आणि हाडजोडची पावडर घ्या.' हाडजोड ही वेल, तिची पावडर हाडासाठी देतात, मांडीच्या स्नायूशी त्याचा काय संबंध? कोलेजन, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेलं प्रोटीन, विष नाही, पण स्नायूसाठी ते दूध-अंड्यापेक्षा हलक्या प्रतीचं आहे. आणि पाय हलवलाच नाही तर कुठलीच पावडर कामाची नाही, वर गुडघा आखडतो तो वेगळाच.

प्रोटीननं किडनी जाते, हे मेसेजमधलं म्हणणं अर्धं खरं आहे, ते मान्य करते. ज्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं आहे किंवा जुनी शुगर आहे त्यांनी विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये. किडनी धड असेल तर एवढ्यानं जात नाही. आणि ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटवाली पुडी मेसेजमध्ये 'रोज' लिहिलीय, ती आठवड्यातून एक असते! रोज घेत राहिलं तर कॅल्शियम वाढून खरंच किडनी बिघडू शकते.

आज दुपारी आत्यानं वाटीभर घट्ट वरण आणि एक अंडं खाल्लं, कुरकुरत का होईना. तुमच्या घरी कुणी हा मेसेज वाचून गोळी बंद केली असेल तर उद्यावर ढकलू नका, आत्ता सर्जनला फोन करा. पोटरी दुखतेय, सुजलीय किंवा दम लागतोय असं असेल तर फोनही करत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.